मोकळी बाजू

खाणीचा मुकादम बोलूनचालून बरा माणूस होता. शिव्या द्यायच्या आधी तो खोकायचा, म्हणजे समोरच्याला तयारीला तेवढा वेळ मिळायचा. त्या दिवशी तो भट्टीच्या दारात उभा राहून चांगला लांबलचक खोकला आणि खांद्यावरचं पोतं त्याने ऐरणीजवळ उपडं केलं. आतून दगड फोडायच्या छिन्न्या, टाक्या, पडल्या.

“टोकं बघ,” तो लोहाराला म्हणाला. “अर्ध्या तुटल्यात, अर्ध्या वाकल्यात. दगड फोडायला दिल्या होत्या मी, लोणी काढायला नाही.”

लोहाराने एक टाकी उचलली. ती डोळ्यांपुढे धरली, मग हात थोडा लांब केला, मग आणखी लांब केला. हात संपला, पण टोक काही नीट दिसेना. शेवटी त्याने ते अंगठ्याने चाचपलं आणि डोळ्यांनीच पाहिल्याच्या थाटात मान हलवली.

“पोलादच खोटं येतं हल्ली,” भात्याजवळून म्हातारा म्हणाला. हा लोहाराचा बाप. घरादाराचा आबा. हातोडी सुटल्याला त्याला बरीच वर्षं झाली होती. आता तो भाता ओढायचा आणि लेकाची बाजू घ्यायचा. दोन्ही कामं बसल्या बसल्या होत.

“पोलाद तेच आहे, आबा,” मुकादम म्हणाला. “पुलाचा दगड आहे हा. पाऊस लागायच्या आत खांब पाण्याच्या वर आले पाहिजेत. माझी माणसं टाक्यांवाचून हात चोळत बसलीत. तो रस्त्यावरचा मशीनवाला विजेचा घण घेऊन बसलाय, येता-जाता हाक मारतो मला. मी म्हणतो, आमचा ठरलेला माणूस आहे. पण किती दिवस म्हणू?”

लोहारीण घण जमिनीला टेकवून उभी होती. या भांडणापायी घण टेकवायला मिळाला, हेच तिला बरं वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

“नव्याने करून देतो,” लोहार म्हणाला.

“दे. आणि या तरी नीट दे.” मुकादम रिकामं पोतं झटकून निघून गेला.

टाकीच्या कामाचे दोन भाग. आधी ती तापवून ठोकायची आणि टोक काढायचं. लोहार खाली बसून डाव्या हातात लोखंड धरायची सांडस आणि उजव्यात हातोडी धरायचा, लोहारीण समोर उभी राहून घण मारायची. हातोडी जिथे टक करेल तिथे घण पडला पाहिजे. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की घण थांबला पाहिजे. तोंडाने बोलायचं काही नसतं. लग्नानंतर कितीतरी दिवस ही दोघं एकमेकांशी एवढंच बोलत होती आणि तेवढ्या बोलण्यावर दोन मुली झाल्या, अशी आबाची जुनी चेष्टा होती.

दुसरा भाग पाणी पाजण्याचा. तापलेलं टोक पाण्यात बुडवून काढलं की मागच्या धगीने त्यावर रंग सरकत येतात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. नेमक्या रंगाला टाकी पुन्हा बुडवायची. लवकर बुडवली तर दगडावर तुटते, उशिरा बुडवली तर वाकते. लोहाराला गेल्या पावसापासून हे रंग दिसत नव्हते. समोरचा डोंगर दिसायचा, डोंगरावरची शेळी दिसायची, शेळी कोणाची तेही सांगता यायचं. हातातलं टोक मात्र धुरकट. उगाच नाही चाळिशी म्हणत.

त्याने बाजारातून गुपचूप चष्मा आणला होता. लोहारीण पाण्याला गेली की तो लावायचा. दुसऱ्याच खेपेला घामाने तो नाकावरून घसरला आणि निखाऱ्यांत पडून वेडावाकडा झाला. दुसरा आणता आला असता. पण चष्मेवाला लोहार पाहून मुकादम काय म्हणाला असता हे त्याला ठाऊक होतं, आणि बायको काय म्हणाली असती याची तर त्याला खरोखर भीती होती.

या भीतीचं कारण धाकट्या मुलीत होतं. तिला बारकी म्हणत. उंचीने ती आईच्या वर गेली होती तरी बारकीच. थोरली लहानपणापासून घण मारायला लागली होती, घरात तेव्हा कौतुक होतं. घण मारणारी पोरगी आहे म्हटल्यावर लांबच्या एका लोहाराने दारात येऊन मागणी घातली. मुलीला मागणी आली म्हणून ही दोघं हरखली. मागणी घणाला होती हे पुढे कळलं. थोरली माहेरी येते तेव्हा आईच्या शेजारी बसली तर बहीण वाटते. तिची बोटं मिटत नाहीत. मागच्या वेळी ताटातला घास तिच्या हातातून खाली पडला आणि ती हसली. त्या हसण्याने लोहारीण आतून मोडून गेली. बारकीच्या हाताला घणाचा दांडा लागू द्यायचा नाही, हे त्याच दिवशी दोघांनी ठरवलं. बारकी शिकली. आता तालुक्याला नर्सच्या शाळेत तिला जागा मिळाली होती. राहायची सोयही तिथेच. पंधरवड्यात जायचं होतं.

म्हणजे तेवढे दिवस, आणि त्यापुढची सगळी वर्षं, या दोघांनी ऐरण चालवली पाहिजे होती.

मुकादम येऊन गेला त्या दुपारी सगळे जेवायला बसले होते. लोहारीण डाव्या हाताने वाढत होती. उजवा तिने मांडीवर ठेवला होता.

“असं किती दिवस चालायचं?” ती म्हणाली. “दोघांचीही वयं झाली. आत्तापासूनच काहीतरी तजवीज केली पाहिजे.”

“कसली वयं?” लोहार म्हणाला. “आत्ता कुठे हात बसलाय माझा.”

“हात बसला की माणूसही बसतो,” आबा म्हणाला. “मी केली होती तजवीज. हा काय समोर जेवतोय. माझे डोळे गेले तेव्हा याला हातोडी दिली. तुझ्या सासूची कंबर गेली तेव्हा तुला आणली. अजून कसली तजवीज असते? पोरं, म्हणजेच तजवीज.”

बारकी पाणी प्यायली आणि भांडं खाली ठेवत म्हणाली, “मग मी आहेच की.”

“गप बस!” दोघं एकदमच ओरडली. इतकी एकदम की बारकीला हसू आलं.

“तुला काय कळतं त्यातलं,” आई आवाज खाली आणून म्हणाली. “तू तुझी बॅग भर.”

आबाने चुकीचं काही सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याचा राग आला. लोहार अर्ध्या जेवणावरून उठला.

लोहारणीचं दुखणं खांद्याचं होतं. उजवा हात कानाच्या वर जाईना. घण उचलताना खांद्यात काहीतरी कचकन अडकायचं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. त्या कुशीवर झोपणं तर तिने कधीच सोडलं होतं. पदर खोचतानाही हात मागे जात नसे, म्हणून ती तो तसाच कमरेला गुंडाळायची. त्यातच पाळीचा नेम सुटला होता. मधूनच अंगाचा भडका उडायचा, मान-पाठ घामाने भिजायची. भट्टीसमोर उभी असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नव्हतं. ही आग बाहेरची की आतली, हे कधीकधी तिचं तिलाही कळत नसे. मुलींना काय सांगायचं आणि नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? खांदा गेला म्हटलं तर घण कोण मारणार, हा प्रश्न आलाच. आणि त्याचं उत्तर जेवताना देऊन झालं होतं.

म्हणून तिने आपली तजवीज आपणच केली. लोहार तयार टाक्या पोचवायला खाणीवर गेला, आबा डुलक्या घ्यायला लागला, बारकी मैत्रिणीकडे गेली की ती घण घेऊन घरामागे जायची. तिथे बाभळीचा एक बुंधा पडलेला होता. त्यावर कोळशाने खूण करून ती डाव्या खांद्यावरून घण मारायची. पहिल्या दिवशी घण खुणेवर सोडाच, बुंध्यावरही पडला नाही. मातीत रुतला आणि ती त्याच्यामागे ओढली गेली. या वयात पुन्हा चालायला शिकावं तसं ते होतं. पाय उलटे टाकायचे, हात उलटे धरायचे, उभं राहायचं तेही दुसऱ्या बाजूला. पण बाई जिद्दीची. आठवडाभरात घण खुणेच्या आसपास पडायला लागला. अजून वर जायला त्याला जरा वेळ लागायचा, अर्धा ठोका उशीर व्हायचा. होईल सवयीने, असं ती स्वतःला सांगायची. पक्कं जमलं की सांगू, तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.

लोहाराची मूठही अशीच झाकलेली होती. त्याने ठरवलं की डोळे गेले तर जाऊ देत, कान आहेत. कडक पोलादावर कानस फिरवली की ती धरत नाही, चिरकून घसरते. मऊवर खरखरत चालते. या दोन आवाजांच्या मध्ये नेमक्या पाण्याचा एक आवाज असतो. तो सापडेपर्यंत तो एकटा बसून टाक्या घासत राहायचा. ठोकतानाही तेच. नीट दिसत नसलं की डोळे फसवतात, हातोडी भलतीकडे नेतात. त्यापेक्षा डोळे मिटले की हाताला आपोआप कळतं. मग तो ठोकताना सरळ डोळे मिटून घ्यायला लागला. खाली मान घालून बसलेल्या माणसाचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे समोर उभ्या असलेल्याला कसं कळावं? आणि लोहारणीने लग्न झाल्यापासून कामाच्या वेळी त्याच्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं. नजर लोखंडावर ठेवायची, ही सासूची पहिली शिकवण.

एकदा मात्र त्याचा धीर सुटला. पाण्यातून काढलेली टाकी हातात होती, आवाज मनासारखा येईना, आणि बारकी दारातून चालली होती.

“बारके,” त्याने गंमत केल्यासारखं विचारलं, “सांग बघू, कोणता रंग आलाय?”

ती न थांबता म्हणाली, “तपकिरी. थांबा... आता बुडवा.”

त्याने बुडवली. त्या दिवसाच्या टाक्यांत तीच सगळ्यात चांगली निघाली. बाप म्हणून त्याला अभिमान वाटायला हवा होता. त्याने ती टाकी बाकीच्यांच्या खाली दडवली. हिला हे कोणी शिकवलं? कोणीच नाही. या घरात जन्मली, एवढंच. त्यानंतर त्याने तिला पुन्हा काही विचारलं नाही.

बारकीच्या जाण्याला चार-दोन दिवस उरले होते. पुलाचं काम घाईला आलं होतं. मुकादमाने टाक्यांबरोबर पहारीही आणून टाकल्या, आणि पहार म्हणजे मोठा घाव. सकाळपासून दोघं ठोकत होती. ऊन पत्र्यावर चढलं तसं भट्टीपुढे उभं राहणं मुश्किल झालं. आबा भाता ओढताना मध्येच थांबून पाणी मागत होता. बारकी आत तिचे कपडे घड्या करून बॅगेत भरत होती, काढत होती, पुन्हा भरत होती.

एका पहारीच्या मधोमध लोहारणीचा उजवा खांदा अडकला. घण वर गेला आणि तिथेच राहिला. कसाबसा तिने तो खाली आणला. डोळ्यांत पाणी आलं, पण घामात ते खपून गेलं. लोहाराने लोखंड पुन्हा निखाऱ्यांत सारलं. तेवढ्या वेळात तिने ठरवलं. आजच. नाहीतरी कधीतरी करायचंच आहे. ती ऐरणीला वळसा घालून त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली, पाय बदलले आणि घण डाव्या खांद्यावर घेतला.

आपण सांगितलं नाही असं तिला वाटलंच नाही. त्याच्या डोळ्यांपुढेच तर उभी होती ती. धडधडीत. आंधळ्यालाही दिसेल अशी.

लोहाराने लाल झालेली पहार ऐरणीवर ठेवली आणि डोळे मिटले.

टक. घण पडला. टक. घण पडला. तिचा घाव जरा ढिला होता, पण जागेवर होता. तो काहीच बोलत नाही हे पाहून तिचा ऊर भरून आला. त्याने पाहिलं, समजून घेतलं आणि गप्प राहिला, असं तिला वाटलं. बोलत नसला तरी मनाने मोठा आहे, असंही वाटलं. कितीतरी दिवसांनी तिला नवऱ्याबद्दल इतकी माया दाटून आली. मग तिने जोर लावला.

इतकी वर्षं दर काही घावांनी लोहार सांडस आपल्या डाव्या बाजूला ओढून लोखंड पालथं करायचा. ती बाजू कायम मोकळी असायची. आज तिथे लोहारीण होती. त्याने हातोडी टक केली, मनात घणाचा नेहमीचा ठोका मोजला आणि लोखंड फिरवायला हात डावीकडे नेला. घण त्याच्या मोजण्यापेक्षा अर्धा ठोका मागे होता, आणि भलत्या बाजूने येत होता.

आवाज फार मोठा झाला नाही. लोखंडावर पडल्यावर होतो तसा तर नाहीच.

आबाने भाता सोडला. लोहाराने डोळे उघडले आणि आधी बायकोकडे पाहिलं. ती तिकडे का उभी आहे हे त्याला कळेना. मग त्याने मनगटाकडे पाहिलं.

“तू... इकडे कधी आलीस?” तो म्हणाला.

“तुम्ही बघितलंत ना?” ती म्हणाली. “बघत होतात ना तुम्ही?”

उत्तर त्याच्या तोंडावरच होतं. तिने घण टाकला आणि मटकन खाली बसली. ज्यासाठी दोघांनी एकमेकांपासून लपवलं तेच दोघांनी मिळून करून ठेवलं होतं. आंधळ्या-बहिऱ्याची गाठ म्हणतात, ती वेगळ्या माणसांची असते. ही तर एका घरातली, एका ताटातली होती.

बारकी आतून धावत आली. हातात घडी केलेली ओढणी होती. तिने तीच त्याच्या हाताला गुंडाळली, घट्ट, शहाण्यासारखी, आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला हाक मारायला पळाली.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात कोपरापर्यंत बांधला. हाडं जुळतील, म्हणाले, पण अंगठ्यात पकड राहणार नाही.

“सांडस धरता येईल का?” लोहाराने विचारलं.

“म्हणजे काय धरता येईल?” डॉक्टर तरुण होते, त्यांनी सांडस पाहिली नव्हती. लोहाराने उजव्या हाताची मूठ वळून ती कशी धरतात ते दाखवलं. डॉक्टरांनी थोडा वेळ त्या रिकाम्या मुठीकडे पाहिलं. “ते विसरा,” ते म्हणाले. वाईट बोलले नाहीत. चहा घेणार का, असंही विचारलं.

परतीच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या मागे दोघं शेजारी बसली होती. खड्ड्यात चाक गेलं की तो हात छातीशी धरायचा, ती खांदा धरायची.

“खांदा कधीपासून दुखतोय?” त्याने विचारलं.

“गेल्या उन्हाळ्यापासून. आणि डोळे?”

“पावसापासून.”

“सांगायचं तर.”

“तू तरी कुठे सांगितलंस?”

दोघंही भांडायच्या बेतात होती, पण भांडायला लागणारा जोर दोघांतही नव्हता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “पोरीला सोमवारी जाऊ दे. काहीही झालं तरी.”

“जाईलच ती,” लोहारीण म्हणाली. “मी तिला स्वतः गाडीत बसवून येईन.”

सोमवारच्या आधी मुकादम आला. खोकला नाही. दारात चप्पल काढली, लोहाराच्या हाताकडे पाहून हळहळला, आबाजवळ बसून पाणी प्यायला. मग पोतं खाली ठेवलं.

“या टाक्या आज लागतील,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “माणसं खोळंबलीत. जमत नसेल तर तसं सांगा. मला राग नाही. मी सरळ रस्त्यावरच्या मशीनवाल्याकडे जाईन. पण एकदा तिकडे घडी बसली की परत आणणं माझ्या हातात राहणार नाही.”

“संध्याकाळी या,” लोहारीण म्हणाली. “तयार असतील.”

लोहाराने तिच्याकडे पाहिलं. मुकादमानेही पाहिलं. पण तो शहाणा, काही न विचारता गेला.

ती नवऱ्याच्या जागेवर जाऊन बसली. सांडस डाव्या हातात घेतली. डावा हात आता पुष्कळ तयार झाला होता, त्या बुंध्याची कृपा. उजव्या हातात हातोडी. ती खांद्याखालच्या खाली हलवता येत होती. समोर राहून इतकी वर्षं पाहिलेलं काम. तिला त्यातली खाच न् खोच माहीत होती. फक्त समोर कोणी नव्हतं.

“आबा, भाता,” ती म्हणाली. “हलकेच ठोकते. एकट्या हातोडीने होतं का बघू.”

टाकी लाल झाली. तिने ती ऐरणीवर घेतली आणि हातोडीने ठोकायला लागली. टोक दबेना. टाकी काळवंडली. पुन्हा तापवली, पुन्हा ठोकली, पुन्हा काळवंडली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. लोहार दाराच्या चौकटीला टेकून हात गळ्यात अडकवून बसला होता. त्याला काही करता येत नव्हतं, उठून जाताही येत नव्हतं. त्याने डोळे मिटून घेतले.

तिसऱ्यांदा टाकी ऐरणीवर आली तेव्हा समोर सावली पडली. बारकी. तिने ओढणी कमरेला बांधली होती आणि पडलेला घण उचलला होता.

“खाली ठेव तो,” लोहारीण म्हणाली.

“आई—”

“खाली ठेव म्हणते ना. जाऊन तुझी बॅग बघ.”

“आई, लोखंड गार होतंय.”

हे वाक्य त्या घरात कोणी कोणाला शिकवत नसे. ते कोणी म्हटलं की दुसरं सगळं थांबायचं, भांडण असो की रडणं. लोहारणीचा हात तिच्या मनाच्या आधी हलला. हातोडी टक वाजली.

घण पडला. बरोबर जागेवर.

तिने पुन्हा टक केलं, मुद्दाम जरा कडेला, अवघड जागी. नवखा माणूस तिथे हमखास चुकतो, घण ऐरणीवर आपटतो आणि हाताला झिणझिण्या येतात. येऊ देत, तिला वाटत होतं. चूक गं बाई. एकदा तरी चूक, म्हणजे ओरडता येईल, हाकलून देता येईल. घण त्याच जागी पडला, ना जास्त ना कमी. तिने ठोका लांबवला, पोरीने लांबवला. तिने घाई केली, पोरीने केली. थोरलीलाही असा हात बसायला वर्षं लागली होती. ही पाळण्यात असल्यापासून हेच ऐकत आली होती. तिला शिकायचं काही उरलंच नव्हतं.

दारातल्या माणसाने डोळे उघडले नाहीत. कान तयार करायचे म्हणून त्याने इतके दिवस टाक्या घासल्या होत्या आणि कान तयार झाले होते. पहिल्याच घावाला त्याला कळलं की घण कोणाच्या हातात आहे आणि किती चांगला आहे. त्याने बांधलेला हात तोंडाशी नेला आणि तो रडायला लागला. आवाज होऊ न देता, कारण मध्ये आवाज झाला तर ठोका चुकतो.

शेवटी लोहारणीला आठवलं की एक खूण अजून तिच्या हातात आहे. तिने हातोडी लोखंडावरून उचलली आणि नुसत्या ऐरणीवर वाजवली. थांब.

घण अर्ध्यावर थांबला. बारकीने तो अलगद खाली टेकवला, दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि आईसारखीच उभी राहिली. टोक सुरेख निघालं होतं.

लोहारीण ऐरणीवर वाजवतच राहिली. थांब. थांब. थांब.

“थांबले मी, आई,” बारकी म्हणाली. मग म्हाताऱ्याकडे वळून, “आबा, भाता ओढा. पुढची लावा.”

आबाने एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. दोघांपैकी कोणीच नको म्हणेना. त्याने भाता ओढला.